कागदात सापडलेली मेरी

इतिहासाच्या या भागात आज आपण बऱ्याच लांब जाणार आहोत, थेट अमेरिकेत, चारशे वर्षांपूर्वीच्या काळात.

राजघराण्याच्या वंशावळी लिहायला भाट असतात, बखरकार असतात. राबणाऱ्या माणसाची वंशावळ कोण लिहिणार? त्यातून ते माणूस गुलामांच्या जहाजातून आणलेलं असेल, तर त्याला मुळात आडनावच नसतं. आणि ती बाई असेल, तर विचारायलाच नको. तरीही अशा एका कुटुंबाच्या तीन पिढ्यांची गोष्ट आज आपल्याला सांगता येते. त्या कुटुंबात कुणी पत्र लिहून ठेवलं नाही, रोजनिशी लिहिली नाही, फोटो तर तेव्हा नव्हतेच. गोष्ट सापडली ती जमिनीच्या कागदांत आणि कोर्टाच्या दप्तरात. आपल्या बचत गटाच्या वह्या लिहिताना आम्ही नेहमी म्हणतो, की नोंद करा, नोंदीवर पुढे बरंच काही उभं राहतं. ते किती खरं आहे, हे या गोष्टीतून कळतं.

आधी प्रदेश समजून घेऊ. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर व्हर्जिनिया नावाचा भाग आहे. १६०७ मध्ये इंग्रजांनी तिथे जेम्सटाउन ही वसाहत केली. जमीन होती पोहॅटन या तिथल्या मूळ लोकांची. इंग्रजांनी ती हळूहळू बळकावली आणि तंबाखूचं पीक घेतलं. तंबाखूला माणूसबळ फार लागतं. म्हणून इंग्लंडमधून गरीब पोरं करारावर आणली जात. प्रवासखर्चाच्या बदल्यात पाच-सात वर्षं राबायचं आणि मग सुटायचं, असा तो करार. १६१९ पासून आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसंही तिथे येऊ लागल्याच्या नोंदी आहेत. सुरुवातीच्या त्या काळात गुलामगिरीचा पक्का कायदा झालेला नव्हता. कोण किती वर्षं राबणार, कोण सुटणार, याचा बराच गोंधळ होता. आपली गोष्ट त्याच गोंधळातली आहे.

पहिला कागद १६२५ चा. इंग्लंडच्या राजानं वसाहतीची शिरगणती मागवली. घरोघरी माणसं किती, धान्य किती, बंदुका किती, सगळं लिहून घेतलं गेलं. बेनेट नावाच्या मळेवाल्याच्या यादीत दोन नोंदी आहेत. ‘अँटोनिओ, नीग्रो’ हा ‘जेम्स’ जहाजातून १६२१ मध्ये आला. ‘मेरी, नीग्रो बाई’ ही ‘मार्गारेट अँड जॉन’ या जहाजातून १६२२ मध्ये आली. नीग्रो हा शब्द आज अपमानकारक मानतात, पण कागदात तोच आहे, म्हणून आम्ही तो इथे सांगतोय. या नोंदींत आईबापाचं नाव नाही, गाव नाही. नाव, जहाज आणि साल, एवढंच.

पण त्या सालांत बरंच दडलेलं आहे. २२ मार्च १६२२ या दिवशी पोहॅटन लोकांनी वसाहतीवर मोठा हल्ला केला. ३४७ वसाहतवाले मेले, त्यांतले ५२ बेनेटच्या मळ्यावरचे. अँटोनिओ आधीच्या वर्षी आलेला आणि १६२५ च्या यादीत तो हजर आहे. म्हणजे तो त्यातून वाचला, हे दोन तारखा शेजारी ठेवल्या की कळतं. कागद वाचायची ही पहिली रीत. एका कागदावर थांबायचं नाही, दोन कागद शेजारी ठेवायचे.

पुढचा ठळक कागद येतो तो एकदम १६५१ मध्ये. आता चेसापीक उपसागराच्या पलीकडच्या किनाऱ्यावर, नॉर्थहॅम्प्टन परगण्यात, अँथनी जॉन्सन नावाच्या माणसाला २५० एकर जमीन मिळाल्याची नोंद आहे. वसाहतीत नियम असा होता, की एका माणसाला स्वखर्चानं वसाहतीत आणलं, तर आणणाऱ्याला माणशी ५० एकर मिळायची. त्याला ‘हेडराइट’ म्हणत. अँथनीनं पाच नावं दाखवली, पाच पन्नास अडीचशे. इथे एक फसगत होऊ शकते. या पाचही माणसांना अँथनीनंच आणलं, असं घाईनं म्हणता येत नाही. हेडराइट विकत घेता येत आणि देता येत. त्यामुळे यादीत नाव असलं, म्हणजे तो माणूस त्या घरचाच किंवा त्या घरी राबणारा, असं नसतं. थोरला मुलगा जॉन याच्या नावे १६५२ मध्ये ५५० एकर आणि रिचर्डच्या नावे १६५४ मध्ये १०० एकर जमीन लागली. मुलांनी बापाच्या शेजारीच जमीन घेतली. आपल्याकडे खरेदीखतात चतुःसीमा लिहितात ना, पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण, तसंच तिथल्या कागदांत ओढा, खूण केलेलं झाड आणि शेजाऱ्याचं नाव लिहीत. शेजारी कोण हे जोडत गेलं, की सगळी वस्ती डोळ्यांपुढे उभी राहते.

पण १६२५ चा अँटोनिओ आणि १६५१ चा अँथनी जॉन्सन हा एकच माणूस, हे कशावरून? त्याची चावी १६५३ च्या कागदात आहे, आणि तो कागद मुख्यतः मेरीचा आहे.

त्या साली जॉन्सन कुटुंबाच्या घराला आग लागली. फार नुकसान झालं. नवराबायको कोर्टात गेली आणि सवलत मागितली. कोर्टानं लिहून ठेवलं, की हे दोघं तीस वर्षांहून जास्त काळ व्हर्जिनियात राहतात, त्यांचे कष्ट आणि त्यांची सेवा सगळ्यांना ठाऊक आहे. आता १६५३ मधून तीस वजा करा. १६२३ येतं. तीसहून जास्त, म्हणजे त्याच्याही आधी. १६२१ आणि १६२२ च्या जहाजांशी ते जुळतं. जोडप्याची नावंही जुळतात. वंशावळीचा दुवा असाच लागतो. अमुक म्हणजे तमुक, असं कुणी थेट लिहून ठेवलेलं नसतं. नाव, नातं, ठिकाण आणि काळ अशा चार बाजूंनी ते जुळवावं लागतं.

कोर्टानं हुकूम केला, की मेरी आणि तिच्या दोन मुली यांना हयातभर कर माफ. हा हुकूम साधा नाही. १६४३ मध्ये व्हर्जिनियाच्या सभेनं कायदा केला होता, की आफ्रिकी बाईवर डोईपट्टी लागेल. इंग्रज बायकांवर ती नव्हती. म्हणजे काळ्या बाईला कायद्यानं शेतातली मजूर धरलं होतं आणि गोऱ्या बाईला घरातली गृहिणी. जॉन्सनांच्या घरात तीन बायकांची पट्टी दरवर्षी तंबाखूच्या रूपात भरावी लागत होती. ती सुटली आणि त्या निदान कराच्या बाबतीत इंग्रज बायकांच्या बरोबरीला आल्या. पुढे १६६८ मध्ये सभेनं पुन्हा ठणकावून सांगितलं, की स्वतंत्र झालेल्या काळ्या बाईलाही कर भरावाच लागेल, ती इंग्रज बाईच्या बरोबरीची नाही. पंधरा वर्षांत वारं कुठे फिरलं, ते या दोन कागदांवरून दिसतं.

त्या करमाफीच्या हुकुमात मुलींची नावं नाहीत, ‘दोन मुली’ एवढंच आहे. मग नाव कधी आलं? १६५७ मध्ये तिथल्या मूळ लोकांच्या एका प्रमुखानं अँथनीच्या मुलीला १०० एकर जमीन दिली. त्या नोंदीत तिचं नाव आहे, जोन. जमीन नावावर आली, तेव्हा मुलगी कागदावर नावानिशी आली. आमच्या गटात हे वाचून दाखवलं, तेव्हा दोन मिनिटं कुणी बोललं नाही.

आता या घरातली एक न आवडणारी गोष्टही सांगायला हवी. अँथनीकडे जॉन केसर नावाचा आफ्रिकी माणूस राबत होता. १६५४ मध्ये केसरनं तक्रार केली, की मी सात-आठ वर्षांच्या करारावर आलो होतो, मुदत संपून सात वर्षं झाली, तरी हा मला सोडत नाही. अँथनी म्हणाला, कसला करार, हा जन्मभरासाठी माझा आहे. शेजारच्या पार्कर नावाच्या गोऱ्या मळेवाल्यानं केसरची बाजू घेतली. कोर्टात नोंदलेल्या जबानीत लिहिलंय, की अँथनीची बायको, दोन मुलगे आणि जावई यांनी म्हाताऱ्याची समजूत घातली आणि केसरला सोडायला लावलं. भीती अशी होती, की केसर कोर्टात गेला तर गाईगुरं हातची जातील. केसर सुटला आणि पार्करकडे कामाला लागला. पण अँथनीचं मन फिरलं. त्यानं पार्करवर दावा लावला. मार्च १६५५ मध्ये कोर्टानं निकाल दिला, की केसर अँथनीचाच, त्याला परत पाठवा, खर्च पार्करनं भरावा. काही गुन्हा नसताना, दिवाणी दाव्यात एखाद्याला जन्मभराचा गुलाम ठरवणाऱ्या तिथल्या अगदी सुरुवातीच्या निकालांत हा निकाल धरतात.

जो स्वतः बंधनातून सुटला, त्यानं दुसऱ्याला बांधून ठेवलं. पूर्वजांचा शोध घेताना हेही हाती लागतं. कागद आपल्याला हवं तेवढंच दाखवत नाहीत. कुणी या गोष्टीचा आधार घेऊन म्हणतात, की बघा, गुलामगिरी काळ्यांनीच सुरू केली. तेही खरं नाही. जहाजं कुणाची होती, कायदे कुणी केले आणि फायदा कुणाच्या घरात गेला, हे बाकीचे कागद स्पष्ट सांगतात. आणि वाऱ्याची दिशा अँथनीच्या घरापर्यंतही पोचली, ती पुढे पाहू.

१६६५ च्या सुमारास जॉन्सन कुटुंबानं व्हर्जिनियातली २०० एकर विकली, ५० एकर रिचर्डला दिली आणि उत्तरेला मेरीलँडच्या सॉमरसेट भागात मुक्काम हलवला. केसरही बरोबर गेला. तिथे त्यांनी ३०० एकर भाडेपट्ट्यानं घेतली. त्या शेताचं नाव ‘टोनीज व्हिनयार्ड’, म्हणजे टोनीचा द्राक्षमळा. टोनी म्हणजे अँथनीच. १६७० मध्ये अँथनी वारला.

त्याच साली व्हर्जिनियात मागे राहिलेल्या जमिनीचा प्रश्न निघाला. पंच बसले. त्यांनी ठरवलं, की अँथनी जॉन्सन हा नीग्रो होता, त्या अर्थी तो परका होता, म्हणून जमीन सरकारजमा. ज्या वसाहतीतल्या कोर्टानं सतरा वर्षांपूर्वी या कुटुंबाचे तीस वर्षांचे कष्ट लिहून ठेवले, त्याच वसाहतीत आता ‘परका’ हा एक शब्द लिहून मुलाच्या तोंडचा घास गेला. कष्ट तेच होते, जमीन तीच होती, फक्त शब्द बदलला. बहिणींनो, कागदावर आपल्या नावापुढे काय लिहिलंय, हे वाचून घ्यायला हवं ते एवढ्यासाठीच.

मेरी आता विधवा. वय झालेलं. पण ती खचून बसली नाही, हे आपल्याला भावनेनं नाही, कागदानं कळतं. तिनं मेरीलँडच्या जमिनीचा पट्टा पुन्हा बोलणी करून ९९ वर्षांचा करून घेतला, म्हणजे आपल्यामागे मुलांना तो चालू राहील. १६७२ मध्ये तिनं नातवंडांच्या नावे गुरं केली आणि ते कोर्टात नोंदवलं. जमिनीच्या बाबतीत झालेला अन्याय तिनं पाहिला होता. गुरं तोंडी सांगून दिली असती, तर ती टिकली असती का? पन्नास वर्षांपूर्वी जहाजाच्या यादीत एक नाव एवढीच जिची ओळख होती, ती बाई आता स्वतः नोंदी करवून घेत होती.

१६७७ मध्ये नातू जॉन यानं ४४ एकरांचं शेत घेतलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘अंगोला’. अंगोला हा आफ्रिकेतला मुलूख. तिथूनच हजारो माणसं पकडून नेली गेली. आजोबा कुठले, हे सरकारी कागदात कुठेच नव्हतं. ते नातवाच्या शेताच्या नावात आलं. तिथून पुढे मात्र या घराचा माग विरळ होत जातो.

आता याच काळातली दुसरी एक बाई, एलिझाबेथ की. तिचा बाप थॉमस की हा इंग्रज, व्हर्जिनियाच्या सभेचा सदस्य. आई आफ्रिकी. बापानं १६३६ मध्ये तिला नऊ वर्षांसाठी एका ओळखीच्या माणसाच्या हवाली केलं, नऊ वर्षांनी मोकळी, असं ठरवून. बाप वारला, मुलगी या हातातून त्या हातात गेली, आणि नऊची एकोणीस वर्षं झाली. १६५५ मध्ये शेवटचा मालक वारला, तेव्हा त्याच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणारे म्हणाले, ही गुलाम, मालमत्तेचा भाग. एलिझाबेथ नॉर्थंबरलँड परगण्याच्या कोर्टात उभी राहिली. विल्यम ग्रिनस्टेड या इंग्रज तरुणानं तिचं वकीलपत्र घेतलं.

तिच्या बाजूनं सगळ्यात मोठं काम केलं म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींनी. एलिझाबेथ न्यूमन नावाच्या ऐंशी वर्षांच्या बाईनं साक्ष दिली, की ही मुलगी थॉमस कीचीच, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि दासीला मूल झालं म्हणून त्याला कोर्टानं दंडही केला होता. कोर्टाच्या जबान्यांत साक्षीदाराचं वय लिहीत. वंशावळ शोधणाऱ्यांना ते सोनं वाटतं, कारण जन्माच्या नोंदी नसलेल्या काळात जन्मसाल असंच कळतं. पंचांनी निकाल तिच्या बाजूनं दिला, वरच्या कोर्टानं फिरवला, प्रकरण सभेकडे गेलं, आणि अखेर १६५६ मध्ये ती मोकळी झाली. त्याच उन्हाळ्यात तिनं ग्रिनस्टेडशी लग्न केलं. त्यांचे वंशज आजही अमेरिकेत आहेत, मात्र आडनाव ग्रिनस्टेड, ग्रिमस्टेड, ग्रीनस्टेड असं वेगवेगळं लिहिलेलं सापडतं. कारकुनाला जसं ऐकू आलं, तसं त्यानं लिहिलं. म्हणून एकाच स्पेलिंगला धरून बसणाऱ्याच्या हाती अर्धंच घराणं लागतं.

आणि तिची आई? एवढ्या मोठ्या खटल्यात, एवढ्या साक्षींत, आईचं नाव कुठेही नाही. बापाच्या नावावर लेक सुटली आणि आई निनावी राहिली.

एलिझाबेथ सुटली याचं एक कारण असं, की इंग्रजी रिवाजात मूल बापाचा दर्जा घेई. मळेवाल्यांना ते परवडणारं नव्हतं. १६६२ मध्ये सभेनं नवा कायदा केला, की मूल आईच्या दर्जाचं ठरेल. आई गुलाम, तर मूल गुलाम, बाप कुणीही असो. बापाची जबाबदारी संपली आणि बाईचं पोट मालकाच्या नफ्याचं साधन झालं. पण उलटही झालं. आई स्वतंत्र असली, की मूल स्वतंत्र. म्हणून तिथल्या स्वतंत्र काळ्या कुटुंबांचा शोध घेताना बापाच्या आधी आईच शोधावी लागते. १६९१ मध्ये आणखी एक कायदा आला. गोऱ्या बाईला काळ्या पुरुषापासून मूल झालं, तर पंधरा पौंड दंड, नाही तर पाच वर्षांची बांधिलकी, आणि मूल तीस वर्षांचं होईपर्यंत बांधलेलं. शिक्षा म्हणून केलेल्या या नोंदी परगण्यांच्या दप्तरांत राहिल्या. पॉल हायनेग या संशोधकानं परगण्यापरगण्यातली अशी दप्तरं वाचून स्वतंत्र काळ्या कुटुंबांच्या वंशावळी लावल्या. त्यातली पुष्कळ घराणी गोऱ्या आईपर्यंत जाऊन पोचतात. जिला लाज वाटावी म्हणून कोर्टात उभं केलं, तिचीच नोंद आज शेकडो लोकांना आपली मूळ आजी दाखवते.

आता या सगळ्यातून कागद शोधायची रीत थोडक्यात सांगतो. जमिनीचा कागद असेल, तर फक्त घेणारा-देणारा पाहू नये, साक्षीदार आणि शेजारी पाहावेत. ते बहुधा सासरमाहेरचे निघतात. नवऱ्यानं जमीन विकली, तर बायकोची संमती आहे का ते पाहावं. इंग्रजी कायद्यात विधवेला नवऱ्याच्या जमिनीचा तिसरा हिस्सा हयातभर मिळे, म्हणून विक्रीच्या वेळी तिला बाजूला घेऊन विचारत, राजीखुशीनं सोडतेस का? कित्येक बायकांचं नाव फक्त त्याच ओळीत आहे. तारीख जपून वाचावी. तेव्हा तिथे नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई, आणि १७५२ पर्यंत तसंच चाललं. म्हणून केसरच्या निकालाचा मार्च महिना जुन्या वहीत १६५४ मध्ये पडतो, आपल्या हिशेबानं तो १६५५. आणि जे सापडत नाही, ते नव्हतंच असं म्हणू नये. १८६५ मध्ये यादवी युद्धाच्या शेवटी रिचमंड शहर जळालं, त्यात व्हर्जिनियाच्या वरच्या कोर्टाची जुनी दप्तरं गेली. नॉर्थहॅम्प्टनची दप्तरं मात्र १६३२ पासून सलग टिकली. म्हणून अँथनी, मेरी आणि जोन आपल्याला भेटल्या. शेजारच्या जळालेल्या परगण्यांतही अशा मेरी असणारच.

जाता जाता एक काम सुचवतो. या महिन्यात आपल्या घरातली जुनी पिशवी किंवा पेटी काढा. सातबारा, फेरफार, खरेदीखत, जे असेल ते. त्यात किती बायकांची नावं आहेत, आणि ‘पत्नी’ किंवा ‘मुली’ एवढंच लिहून कुणाला सोडून दिलंय, ते बघा. आजी, आत्या किंवा मावशी हयात असतील, तर त्यांच्या आईचं, आजीचं आणि त्यांच्या माहेरच्या गावाचं नाव विचारून वहीत तारखेसह उतरवून ठेवा. ऐंशी वर्षांच्या न्यूमनबाईंना आठवत होतं, म्हणून एक मुलगी सुटली. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना काय आठवतंय, ते त्या असेपर्यंतच विचारता येतं. पुढच्या बैठकीला ती वही घेऊन या, आपण मिळून वाचू.